एसएमपीएस उडालाय? नवा घेण्याआधी लेबलवरची बारा व्होल्टची ओळ वाचा

माझ्या मामेभावाचं सांगलीत लग्नपत्रिकांचं डीटीपीचं दुकान आहे. परवा त्याचा फोन आला, "पीसी मधेच बंद पडतो, फट्‌कन. परत बटण दाबलं की चालू. व्हायरस असेल का रे?" व्हायरस नव्हता. वर्षभरापूर्वी जुना एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारा कॅबिनेटमधला डबा, गेला तेव्हा त्याने जवळच्या दुकानातून सातशे रुपयांचा नवा आणला होता. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने त्याच पीसीत मित्राकडून घेतलेलं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड बसवलं. तोवर पत्रिका सुखाने छापल्या जात होत्या. कार्ड आल्यापासून आधी गेम खेळताना आणि मग साधं कोरल उघडतानाही मशीन झोपायला लागलं.

"अरे, पण त्याच्यावर लिहिलंय की ५०० वॅट!" हे त्याचं म्हणणं.

लिहिलं होतं, खोटं नाही. पण त्याच लेबलवर खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर असंही लिहिलं होतं. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आणि ते कार्ड एकटंच १७० वॅट खातं! खरेदीला जाणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच होते. डब्यावरचा मोठा आकडा पाहून ते पैसे देतात, आणि कामाचा आकडा असतो त्याच्या खाली. त्याच्याच पीसीचं उदाहरण धरून सगळं क्रमाने सांगतो.

दोष खरंच एसएमपीएसचा आहे का?

पीसी अजिबात चालू होत नसेल तर आधी फुकटातल्या गोष्टी तपासा. भिंतीवरचं बटण, एक्स्टेंशन बोर्ड, मागची काळी पॉवर केबल (मॉनिटरची काढून लावून पाहा), एसएमपीएसच्या पाठीवरचा छोटा स्विच. हसू नका, घरात कुणीतरी झाडू मारताना तो स्विच बंद केल्याची दोन प्रकरणं मी स्वतः पाहिली आहेत. पंखा फिरतो, दिवे लागतात पण स्क्रीनवर काहीच येत नाही, असं असेल तर बहुधा रॅम सैल झालेली असते. ती काढून, पुसून पुन्हा बसवा. वेळ आणि तारीख रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण-सेल बदला, एसएमपीएस नव्हे.

एसएमपीएसची लक्षणं वेगळी असतात. जोर पडला की मशीन बंद किंवा रिस्टार्ट होतं. सकाळी पहिल्यांदा बटण दाबल्यावर चालू होत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी होतं. जळका किंवा माशासारखा वास येतो. मागून चरचर आवाज येतो.

हिरवी आणि कुठलीही काळी वायर क्लिपने जोडून एसएमपीएस चालू करायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. आधी २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढायचा आणि मग क्लिप लावायची. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं मात्र समजू नका. जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं. ओझं उचलतो की नाही ते कळत नाही. शिवाय काही चांगल्या मॉडेलांत लोड नसताना पंखा मुद्दामच बंद राहतो.

खरी परीक्षा मल्टिमीटरची. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. पीसी चालू असताना एखादा मोकळा चार पिनचा मोलेक्स कनेक्टर शोधा. काळा प्रोब काळ्या वायरीत, लाल प्रोब पिवळ्या वायरीत. प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. १२ व्होल्टला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६ पर्यंत ठीक. लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ यायला हवेत. भावाच्या मशीनवर नुसता डेस्कटॉप उघडा असताना १२.१ दिसत होते. भाच्याला गेम लावायला सांगितला. आकडा ११.८, ११.५, ११.२ असा उतरत गेला आणि मशीन बंद. निदान झालं.

एक ताकीद. एसएमपीएसचा डबा उघडू नका, प्लग काढला असला तरी. २३० व्होल्टचा पुरवठा आत सरळ करून ३२५ व्होल्टच्या आसपास साठवलेला असतो, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या युनिटमध्ये तर ४०० च्या जवळ. मोठ्या कपॅसिटरमध्ये तो बराच वेळ टिकून राहू शकतो. नव्या एसएमपीएसच्या किमतीसाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

बसेल का? लागेल का?

वॅट मोजण्याआधी हे पाहा, कारण इथे चुकलं तर बाकी सगळं व्यर्थ. नेहमीच्या असेंबल केलेल्या कॅबिनेटमध्ये एटीएक्स मापाचा एसएमपीएस असतो, १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच. खोली मात्र १४० पासून पुढे कितीही असू शकते. छोट्या कॅबिनेटमध्ये १६० चा डबा हार्डडिस्कच्या खाच्याला अडतो. टेप घेऊन आत मोजा. लहान कॅबिनेटमध्ये एसएफएक्स येतो, तो १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटरचा. लांबट, चिंचोळा, ८५ बाय ६५ बाय १७५ चा असेल तर तो टीएफएक्स.

सध्या ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप रीफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात आणि खूप लोक ते घेतात. त्यांच्याबाबत विशेष सावध राहा. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२० किंवा ९०२० मध्ये मदरबोर्डला २४ ऐवजी ८ पिनचा कनेक्टर असतो. लेनोवोच्या बऱ्याच थिंकसेंटरमध्ये तो १४ पिनचा असतो. बाजारातला नेहमीचा एसएमपीएस तिथे सरळ लागतच नाही. कन्व्हर्टर केबल मिळते, पण ती तुमच्या नेमक्या मॉडेलचीच हवी. अशा मशीनसाठी त्याच पार्ट नंबरचा मूळ एसएमपीएस शोधणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पार्ट नंबर जुन्या डब्याच्या लेबलवरच असतो.

नंतर कनेक्टर मोजा. मदरबोर्डचा २४ पिन, प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिन, ग्राफिक्स कार्डाला लागतात तेवढे ६ किंवा ८ पिन, आणि हार्डडिस्क-एसएसडीचे साटा. कार्डाचा कनेक्टर एसएमपीएसमधूनच आलेला हवा. मोलेक्स किंवा साटावरून काढलेला कन्व्हर्टर नको. साटा कनेक्टरची १२ व्होल्टची बाजू ४.५ अँपिअरची, म्हणजे ५४ वॅटची असते. कार्डाचा ८ पिन कनेक्टर १५० वॅटपर्यंत मागू शकतो. भाच्याने दोन मोलेक्स जोडून ८ पिन केला होता. तो काढला तेव्हा पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक कोपरा चहाच्या रंगाचा झाला होता आणि पिन आतल्या आत सैल हलत होती. अजून महिनाभर चाललं असतं तर पत्रिकांच्या गठ्ठ्यांशेजारी काय झालं असतं, याचा मी त्याला विचार करायला सांगितला. तो गप्प बसला.

किती वॅट?

गणित सोपं आहे. भावाच्या पीसीत आय५-१२४०० प्रोसेसर आहे. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असतात, पण इंटेलच्याच माहितीप्रमाणे जोरात असताना तो ११७ वॅटपर्यंत जातो. जोराचा आकडाच धरायचा. कार्ड १७०. मदरबोर्ड आणि रॅम मिळून ५० धरा. एक एसएसडी, एक हार्डडिस्क १५. पंखे वगैरे १०. बेरीज ३६२.

आता यावर तीस ते पन्नास टक्के जागा सोडा. का? एक म्हणजे ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी वर उडी मारतं. ही उडी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटी असते, मीटरला दिसत नाही, पण हलक्या एसएमपीएसला तेवढ्यात धाप लागते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात तर एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे, अशी अटच घातली. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात चाळीस अंशांत पत्र्याखालच्या दुकानात कुठलाही एसएमपीएस पूर्ण ताकदीवर ठेवणं बरं नाही.

३६२ वर तीस टक्के म्हणजे ४७०, पन्नास टक्के म्हणजे ५४३. म्हणून ५५० वॅट. एनव्हिडियाही ३०६० साठी ५५० च सांगते. कार्ड नसलेल्या, टॅली-ब्राउझर-यूट्यूबवाल्या घरगुती पीसीला ४०० ते ४५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस भरपूर झाला. "पुढेमागे लागेल" म्हणून ८५० घेऊ नका. ते पैसे एसएसडीत घाला, फरक डोळ्यांना दिसेल.

लेबल कसं वाचायचं

दुकानदाराला डबा खोक्यातून बाहेर काढायला सांगा. संकोच करू नका, आंबे घेताना आपण पेटी उघडून बघतोच की.

लेबलवर एक तक्ता असतो. वर व्होल्ट: ३.३, ५, १२, उणे १२, आणि ५ व्होल्ट स्टँडबाय. खाली प्रत्येकाचे अँपिअर. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोघेही १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे तीच ओळ पाहायची. अँपिअरला १२ ने गुणा. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर तिथे ४२ ते ४५ अँपिअर दिसतील, म्हणजे ५०४ ते ५४० वॅट. म्हणजेच जवळजवळ सगळी ताकद बारा व्होल्टवर हजर. डब्यावर ५०० आणि गुणाकारात १६८ आला, तर बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींत कागदावर वाटून दिलेले असतात. आजच्या पीसीला त्यांचा फारसा उपयोग नाही. आणि १२ व्होल्टसमोर अँपिअर लिहिलेलेच नसतील तर डबा तसाच परत द्या.

वजनही हातात घेऊन पाहा. हा काही शास्त्रीय नियम नाही, पण पोकळ खोक्यासारखा हलका डबा असेल तर आत ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि फिल्टरचे भाग कमी आहेत असं समजायला हरकत नाही. लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही बघून घ्या.

८० प्लस हा कार्यक्षमतेचा शिक्का, म्हणजे भिंतीतून ओढलेल्या विजेतली किती पीसीपर्यंत पोचते ते. साधा, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशी उतरंड आहे. निम्म्या लोडवर ब्रॉन्झ ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के, हे ११५ व्होल्टच्या चाचणीतले आकडे. आपल्याकडच्या २३० वर थोडे चांगलेच येतात. पण याने वीजबिल किती वाचतं? पीसी सरासरी १५० वॅट खात असेल तर ब्रॉन्झ भिंतीतून १७६ ओढेल आणि गोल्ड १६७. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस धरून फरक साधारण २४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला २४० रुपये. म्हणजे नुसत्या बिलासाठी गोल्ड घ्यायची घाई नाही. गोल्डमध्ये आतले भाग सहसा बरे असतात, वॉरंटी लांब असते, उष्णता आणि पंख्याचा आवाज कमी. परवडत असेल तर त्यासाठी घ्या. भावाला मी ब्रॉन्झच घ्यायला लावला.

आणखी एक. ८० प्लसचा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नाही. कंपनीचं नाव मोठं असणंही पुरेसं नाही, मॉडेल पाहावं लागतं. २०२१ मध्ये गिगाबाइटच्या जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम या दोन मॉडेलांबद्दल चाचणीत फुटल्याच्या तक्रारी गाजल्या आणि कंपनीला ठराविक सिरियल नंबरचे नग बदलून द्यायची सोय करावी लागली. दोन्ही गोल्ड होते. म्हणून नेमक्या मॉडेलचं नाव टाकून, ज्यांनी ओझं टाकून मोजमाप केलंय अशी एखादी तरी चाचणी वाचा. "पॅकिंग छान होतं, पाच तारे" हे परीक्षण नव्हे. संरक्षणांच्या यादीत जास्त व्होल्टेज, जास्त करंट, जास्त वॅट, शॉर्ट सर्किट आणि जास्त उष्णता ही पाचही असावीत. स्वस्त मॉडेलांत उष्णतेचं संरक्षण अनेकदा गाळलेलं असतं.

वॉरंटी तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर मी घेत नाही. पाच बरी. आणि सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कुरिअर करावं लागेल, हे आधीच विचारा. जुना, वापरलेला एसएमपीएस कुणी फुकट दिला तरी नको.

मॉड्युलर, म्हणजे हव्या तेवढ्याच केबल लावायच्या, हा प्रकार सोयीचा असतो पण गरजेचा नाही. नव्या महागड्या कार्डांना लागणारा १६ पिनचा कनेक्टर हवा असेल तर तो मूळ केबलसहित येणारा एटीएक्स ३.१ चा एसएमपीएस घ्या, आणि तो कनेक्टर टक्‌ आवाज होईपर्यंत पूर्ण आत दाबा. अर्धवट बसलेला तापतो.

बसवताना

आधी मोबाइलवर आतले चार-पाच फोटो काढा. मग प्लग काढा, कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा. २४ पिनच्या कनेक्टरला बाजूला खिट्टी असते, ती दाबूनच ओढा. वायरी धरून ओढू नका. मागचे चार स्क्रू काढले की डबा सुटतो.

नव्या एसएमपीएसच्या मागे लाल रंगाचा ११५/२३० असा स्विच असेल तर तो २३० वर आहे ना हे दोनदा पाहा. ११५ वर ठेवून आपल्या भिंतीत लावला की सुतळी बॉम्बसारखा आवाज येतो आणि खोलीभर धूर होतो. मला हे वाचून कळलेलं नाही, माझ्या पहिल्या पीसीवर कळलं आहे.

एसएमपीएस तळाला बसत असेल आणि खाली जाळी असेल तर पंखा खाली करा. जाळी नसेल तर वर. प्रोसेसरचा ८ पिन (४+४ असा फुटतो) आणि कार्डाचा ८ पिन (६+२ असा फुटतो) दिसायला भाऊ-भाऊ आहेत, पण वायरी उलट्या. बळ लावावं लागत असेल तर थांबा, तुम्ही चुकीचा लावताय.

आणि ही गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावीशी वाटते: जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. कंपनी तीच असली तरी नाही. मदरबोर्डकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण डब्याकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येकाची आपापली. केबल छान बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन हार्डडिस्क मरते, आतल्या दहा वर्षांच्या फोटोंसकट. जुन्या केबल जुन्या डब्यासोबतच पिशवीत बांधून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

झाकण लावण्याआधी चालू करून पाहा आणि तीच मल्टिमीटरची परीक्षा पुन्हा घ्या. भावाकडे गेम अर्धा तास चालला, १२.० च्या खाली आकडा गेला नाही.

भिंतीकडची बाजू

नवा एसएमपीएस बसवल्यावर भाऊ म्हणाला, "कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या आता जातील ना?" त्या जाणार नव्हत्या, कारण त्यात एसएमपीएसचा दोष नव्हताच. आत शिरतानाच्या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातला किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर जवळपास निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. टेस्टर लावून पाहिला, कॅबिनेटच्या स्क्रूवर तो मंद पेटला. बोर्ड उघडला तर सॉकेटच्या वरच्या जाड पिनेला वायरच नव्हती. वायरमनला बोलावून मीटरजवळच्या अर्थिंगपासून हिरवी वायर ओढून घेतली. टेस्टर विझला.

यूपीएसचंही बघून घ्या. दुकानात असतो तो नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. भावाचा पीसी जोरात असताना भिंतीतून चारशेच्या वर ओढतो, त्यात मॉनिटर वेगळा. गेम चालू असताना लाइट गेली तर तो यूपीएस हमखास ओरडून बंद पडणार. फक्त डीटीपीला तो पुरतो, म्हणून बदलायला लावला नाही. भाच्याला मात्र सांगून ठेवलंय. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर करा. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि पीसी रिस्टार्ट होतो. लोक मग एसएमपीएसला शिव्या देतात.

शेवटचं काम बिलाचं. पाच वर्षांच्या वॉरंटीचं बिल दुकानदार थर्मल कागदावर छापून देतो आणि तो कागद सांगलीच्या उन्हाळ्यात वर्षभरात कोरा होतो. त्याच दिवशी बिलाचा आणि डब्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. सिरियल नंबरचा फोटो डबा आत बसवण्याआधी काढायचा असतो, हे मला भावाच्या कॅबिनेटचे चारही स्क्रू आवळून झाल्यावर आठवलं.